एएससीपीआयच्या एमएलएस परीक्षेची तयारी: रक्तपेढी कच्ची, हातात तीन महिने

मांडवीपार · रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. एएससीपीआयची (अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) एमएलएस, म्हणजे मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट ही परीक्षा तीन महिन्यांनी द्यायची ठरवली आहे. बीएस्सी एमएलटी झालंय, सध्या म्हापशात एका खासगी लॅबमध्ये हिमॅटॉलॉजी आणि बायोकेमिस्ट्री बघतो. रोज दोन तास आणि रविवार अख्खा, एवढा वेळ अभ्यासाला मिळेल. रक्तपेढीत हात बसलेला नाही. गट तपासणं आणि क्रॉसमॅच येतं, पण अँटिबॉडी ओळखायचं पॅनेल (कुठल्या सेलवर कुठले अँटिजेन ते दाखवणारा तक्ता) समोर आलं की कुठून धरायचं तेच कळत नाही. मायक्रोबायोलॉजीची टेबलं पाठ करतो आणि आठवड्यात विसरतो. परीक्षेत नेमकं विचारतात काय आणि वेळ कसा वाटू, हे जाणकारांनी सांगावं.

मीठागर · रविवार, सकाळी ११:०५

आधी परीक्षेचा साचा डोक्यात बसवा. १०० प्रश्न, अडीच तास, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. गुणांची पट्टी ९९९ पर्यंत, उत्तीर्ण व्हायला ४०० लागतात. हे ४०० म्हणजे ४० टक्के नव्हेत. प्रश्न संगणक तुमच्या उत्तरांवरून निवडत जातो: बरोबर आलं की पुढचा थोडा जड, चुकलं की थोडा हलका. गुण ठरतात ते किती कठीण पायरीवर तुम्ही टिकून राहता त्यावरून. त्यामुळे चांगली तयारी असलेल्यालाही पेपर शेवटपर्यंत जडच वाटतो. विसाव्या प्रश्नाला घाम फुटला म्हणून धीर सोडू नका.

विषयांचं वजन असं: रक्तपेढी, केमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी प्रत्येकी १७ ते २२ टक्के. युरिन व इतर शरीरद्रव, इम्युनॉलॉजी आणि लॅबचं कामकाज (क्यूसी म्हणजे गुणवत्ता नियंत्रण, सुरक्षितता, गणितं) प्रत्येकी ५ ते १० टक्के. तुमचे दोन विषय रोजच्या हातातले आहेत. मी असतो तर पहिले पाच आठवडे रक्तपेढीला दिले असते, पुढचे चार मायक्रोला, आणि उरलेल्यात बाकी सगळं. क्यूसी आणि गणितं मात्र पहिल्या दिवसापासून रोज पंधरा मिनिटं, कारण ती सवयीनेच येतात.

टेलिग्रामवर ‘आठवलेले प्रश्न’ म्हणून ज्या फायली फिरतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायला परीक्षार्थीला मनाई आहे, आणि त्या फायलींतली उत्तरं बऱ्याच ठिकाणी चुकीची असतात. चुकीचं उत्तर एकदा पाठ झालं की निघत नाही.

सुरंगीचा_वळेसर · रविवार, दुपारी ३:४०

मांडवीपार दादा, या परीक्षेत ‘हे काय आहे’ यापेक्षा ‘हे असं का आलं आणि आता पुढे काय कराल’ असं जास्त विचारतात. चारही पर्याय लॅबमध्ये कधी ना कधी करतोच आपण. त्या क्षणी आधी कुठलं, ते ओळखायचं असतं. म्हणून रक्तपेढीत प्रत्येक तपासणीचा हेतू आणि तिची फसण्याची जागा शिका. गटांतल्या विसंगतीपासून सुरुवात करते, पॅनेल त्यानंतर.

फॉरवर्ड (रुग्णाचे सेल तयार अँटी-ए, अँटी-बीशी) आणि रिव्हर्स (रुग्णाचं सीरम तयार ए, बी सेलशी) जुळत नाहीत तेव्हा आधी बघायचं की गडबड सेलची आहे की सीरमची. एक नेहमीचं उदाहरण (० म्हणजे सेल चिकटले नाहीत, ४+ म्हणजे सगळ्यात जोरात चिकटले): अँटी-ए ४+, अँटी-बी ०, रिव्हर्सला ए१ सेल १+, बी सेल ४+. बी सेल ठीकच आहे, पण ए गटाच्या माणसाच्या सीरममध्ये ए१ सेलला लागणारं काहीतरी आहे. पहिला संशय: माणूस ए२ आहे आणि त्याने अँटी-ए१ तयार केलंय. पुढची पायरी: त्याचे सेल अँटी-ए१ लेक्टिनशी (वनस्पतीतलं, सेल चिकटवणारं प्रथिन) लावा. ए१ असेल तर चिकटतील, ए२ असेल तर नाही. हे लेक्टिन ‘डॉलिकॉस बायफ्लोरस’च्या बियांतून काढतात, म्हणजे आपले कुळीथ! पुस्तकातलं लॅटिन नाव विसरलं तरी कुळथाची पिठी कोण गोंयकार विसरेल? मग सीरम ए२ सेलशी लावायचं. तिथे ० आलं की अँटी-ए१ पक्कं. ए२ सेललाही लागलं, तर ओ सेल आणि ऑटोकंट्रोल (रुग्णाचं सीरम त्याच्याच सेलशी) लावून थंडीतली दुसरी अँटिबॉडी शोधायची.

दुसरं उदाहरण आपल्याकडचंच. अँटी-ए ०, अँटी-बी ०, रिव्हर्सला ए सेल ४+, बी सेल ४+. सरळ ओ गट म्हणून लिहून मोकळे व्हाल. पण स्क्रीनिंगचे ओ सेलही ४+ आले आणि ऑटोकंट्रोल ०. ओ सेलवर एच अँटिजेन भरपूर असतं; या माणसाकडे एच मुळातच नाही, म्हणून त्याच्याकडे जोरदार अँटी-एच आहे. हाच बॉम्बे गट, डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून नोंदवलेला. खात्री अँटी-एच लेक्टिनने, ‘युलेक्स युरोपियस’ या झुडपातलं: खरा ओ गट ४+ देतो, बॉम्बे ०. अशा रुग्णाला ओ रक्त चालत नाही, फक्त बॉम्बेचंच. रिव्हर्समध्ये ओ सेल न लावणाऱ्या जागी हा गट निसटतो, आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. परीक्षेपुरतं म्हणून नका शिकू हे.

ऑटोकंट्रोलही पॉझिटिव्ह असेल तर रस्ता बदलतो. सूक्ष्मदर्शकाखाली नाण्यांच्या चळतीसारखे सेल दिसले तर रूलो, बहुधा मायलोमासारख्या आजारात प्रथिनं वाढल्यामुळे. तिथे सीरम काढून तेवढंच सलाइन घालायचं आणि पुन्हा बघायचं. रूलो असेल तर सुटतो, खरं ॲग्लुटिनेशन असेल तर राहतं.

डिचोलीकर · रविवार, संध्याकाळी ७:१५

ताईंनी ऑटोकंट्रोलचं सांगितलंच आहे, तर त्याची हिमॅटॉलॉजीतली बाजू सांगतो, कारण हा प्रश्न दोन्हीकडून येतो. काउंटरने असा रिपोर्ट दिला: हिमोग्लोबिन १२.०, आरबीसी १.९० दशलक्ष, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) २२, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ११६, एमसीएचसी (लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनची दाटी) ५४.५. हिमोग्लोबिनच्या तिप्पट हिमॅटोक्रिट यायला हवा, ३६ च्या आसपास. इथे २२. आणि एमसीएचसी ५४ असूच शकत नाही, लाल पेशीत तेवढं हिमोग्लोबिन मावतच नाही.

काय झालं? थंड ॲग्लुटिनिनमुळे पेशी एकमेकींना चिकटल्या. दोन-तीन पेशींचा पुंजका छिद्रातून एकदमच गेला, यंत्राने त्याला एक मोठी पेशी मानलं. म्हणून संख्या कमी, एमसीव्ही जास्त, आणि त्यांच्या गुणाकारातून येणारा हिमॅटोक्रिट खोटा. हिमोग्लोबिन मोजायला पेशी फोडतात, म्हणून ते मात्र खरं. ‘यातला कुठला आकडा विश्वासार्ह’ असं विचारलं तर उत्तर हेच. पुढची पायरी: नमुना ३७ अंशांवर १५ ते ३० मिनिटं गरम करून लगेच चालवायचा. मग आरबीसी ४.००, हिमॅटोक्रिट ३६, एमसीव्ही ९०, एमसीएचसी ३३.३ असं काहीसं जुळून येतं.

एमसीएचसी वाढण्याची दुसरी कारणं ओळखायची तीही आकड्यांवरून. लायपेमिया (प्लाझ्मात चरबी) असेल तर आरबीसी आणि एमसीव्ही बरोबर, हिमोग्लोबिन खोटं वाढलेलं, कारण गढूळ प्लाझ्मा प्रकाश अडवतो. उपाय: प्लाझ्मा ब्लँक किंवा प्लाझ्माच्या जागी सलाइन. स्फेरोसाइट (चेंडूसारख्या गोल लाल पेशी) असतील तर एमसीएचसी ३६-३७ च्या वर थोडंसंच सरकतं आणि स्मिअरमध्ये ते दिसतात. तिथे दुरुस्त करायचं काही नाही, ते खरंच आहे.

प्लेटलेट अचानक ३०,००० आणि रुग्णाला रक्तस्रावाचं काही लक्षण नाही? आधी स्मिअरच्या कडेला गुच्छ बघा. ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेलं रसायन) असतील तर सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घ्या आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा, कारण नळीतल्या सायट्रेटने रक्त एक दशांश पातळ केलेलं असतं.

रातांबा · रविवार, रात्री ८:०२

हाताने पेशी मोजायचं गणित सोपं आहे, चेंबरमध्ये दिसल्या त्या गुणिले ५०. ते पाठ करा, काम झालं.

डिचोलीकर · रविवार, रात्री ८:३०

@रातांबा, ५० पाठ करू नका हो, तिथेच लोक फसतात. ५० तेव्हाच, जेव्हा डायल्यूशन १:२० आणि चार कोपऱ्यांचे मोठे चौकोन मोजलेत. मूळ सूत्र असं: पेशी × डायल्यूशन ÷ (मोजलेलं क्षेत्र × खोली). खोली ०.१ मिमी, एका मोठ्या चौकोनाचं क्षेत्र १ चौ. मिमी. चार चौकोनांत १६० पेशी, १:२०: १६० × २० ÷ ०.४ = ८,००० प्रति घन मिमी. आता तोच प्रश्न नऊ चौकोनांवर आला, किंवा सीएसएफ (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) डायल्यूट न करता मोजला, तर ५० ने सगळं चुकतं. न पातळ केलेल्या सीएसएफमध्ये नऊ चौकोनांत १८ पेशी: १८ ÷ ०.९ = २०.

तसंच, केंद्रक असलेल्या लाल पेशी दिसल्या की डब्ल्यूबीसी दुरुस्त करायची: मोजलेली संख्या × १०० ÷ (१०० + केंद्रकवाल्या लाल पेशी). १५,००० आणि २५ असतील तर १२,०००.

रातांबा · रविवार, रात्री ८:४१

बरोबर, माझं चुकलं. सूत्रच लक्षात ठेवायला हवं.

कुशावतीकाठ · सोमवार, रात्री ९:२०

मायक्रोची टेबलं पाठ होत नाहीत कारण ती पाठ करायची नसतातच. नळीत काय घडतं ते समजलं की टेबल आपोआप उभं राहतं. टीएसआय घ्या, म्हणजे नळीत तिरकं गोठवलेलं, तीन साखरा आणि लोह असलेलं लाल अगार, आम्लाने पिवळं होणारं. त्यात ग्लुकोज ०.१ टक्का, लॅक्टोज १ टक्का, सुक्रोज १ टक्का. म्हणजे ग्लुकोज दहापट कमी. फक्त ग्लुकोज खाणारा जंतू ते लवकर संपवतो. वरच्या उतारावर हवा असते, तिथे तो मग पेप्टोन खाऊ लागतो आणि उतार पुन्हा लाल होतो. तळाला हवा नाही, तिथे आम्लाचा पिवळा रंग टिकतो. लॅक्टोज किंवा सुक्रोज खाणाऱ्याला साठा भरपूर, म्हणून वर-खाली दोन्ही पिवळं.

हे कळलं की वेळेचं महत्त्वही कळतं. १८ ते २४ तासांतच वाचायचं. आठ-दहा तासांत बघितलं तर साल्मोनेलाही वर-खाली पिवळा दिसेल, कारण वरचं ग्लुकोज अजून संपलेलं नाही. आणि दोन दिवस ठेवलं तर ई. कोलायचा उतारही लाल होऊ लागतो. झाकण घट्ट लावलं तर हवा मिळत नाही आणि उतार लाल व्हायला हवा तिथे होत नाही. ‘निकाल असा का आला’ म्हणून हे तिन्ही विचारण्याजोगं आहे.

उतार लाल, तळ काळा (हायड्रोजन सल्फाइडमुळे) आला की साल्मोनेला म्हणून धावू नका. प्रोटियस आणि सिट्रोबॅक्टरही असंच करतात. युरिएज झटपट पॉझिटिव्ह आणि फिनाइलॲलनिन पॉझिटिव्ह म्हणजे प्रोटियस. लायसिन पॉझिटिव्ह तर साल्मोनेलाकडे, निगेटिव्ह तर सिट्रोबॅक्टरकडे. साल्मोनेला टायफी मात्र गॅस देत नाही आणि काळेपणाही थोडासाच, उतार आणि तळाच्या सांध्यावर मिशीसारखा. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह आणि वर-खाली पिवळं आलं तर व्हिब्रिओ आठवा: तो सुक्रोज खातो, म्हणून टीसीबीएस या त्याच्या खास माध्यमावरही पिवळा.

अँटिबायोटिक डिस्कच्या तपासणीत ‘झोन लहान का आला’ हा ठरलेला प्रश्न. म्युलर-हिंटन अगार ४ मिमी जाड हवं. जास्त जाड ओतलं तर औषध खोलवर पसरतं, झोन लहान होतो आणि जंतू उगाच रेझिस्टंट ठरतो. अगार पातळ असेल तर उलटं. जंतूंचं मिश्रण ०.५ मॅकफार्लंडपेक्षा (गढूळपणाचं माप) दाट झालं तरी झोन लहान. स्यूडोमोनासबाबत आणखी एक: अगारमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की जेंटामायसिनसारख्या औषधांचे झोन लहान येतात. कंट्रोल स्ट्रेनचा झोनही हद्दीबाहेर असेल, तर रुग्णाचा निकाल द्यायचा नाही. आधी कारण शोधायचं.

आपल्या पावसाळ्याशी जोडून एक लक्षात ठेवा. शेतातल्या पाण्यात उतरलेल्या माणसाला ताप, लेप्टोस्पायरोसिसचा संशय: पहिल्या आठवड्यात रक्त, दुसऱ्या आठवड्यापासून लघवी. कुठला नमुना कधी, यावर प्रश्न फिरतो. ईएमजेएचसारखं खास माध्यम, २८ ते ३० अंश, आणि थांबावं लागतं आठवडे. साध्या ब्लड अगारवर तो उगवत नाही.

मांडवीपार · सोमवार, रात्री १०:०५

टीएसआय आज पहिल्यांदा कळलं असं वाटतंय, मनापासून आभार. स्मिअरबद्दल एक विचारू? चित्रं ओळखायचे प्रश्न असतात. जून लागल्यापासून आमच्या लीशमनच्या स्लाइडवर लाल पेशींत चमकणारी भोकं दिसतात, मलेरियाच्या रिंगसारखी. परीक्षेत असं चित्र आलं तर कसं ओळखायचं?

डिचोलीकर · सोमवार, रात्री १०:३८

ती पाण्याची करामत आहे. लीशमन मिथेनॉलमध्ये असतं आणि मिथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. बाटलीचं झाकण उघडं राहिलं, किंवा स्मिअर नीट सुकला नाही, की ते पाणी पेशी पक्क्या होण्याआधीच त्यांना खातं आणि चमकदार भोकं उरतात. ओळखायची खूण: सूक्ष्म स्क्रू खाली-वर केला की भोक चकाकतं आणि त्यात रंग नसतो. रिंगमध्ये निळा सायटोप्लाझम आणि त्यात जांभळट-लाल क्रोमॅटिनचा ठिपका हवाच. ठिपका नाही तर परजीवी नाही. पेशीवर बसलेली प्लेटलेटही फसवते. तिच्याभोवती फिकट कडं असतं आणि तशाच प्लेटलेट आजूबाजूला दिसतात.

लॅबमधला उपाय: मिथेनॉल लहान, घट्ट झाकणाच्या बाटलीत, रोज ताजं थोडंसं काढून, स्मिअर पंख्याखाली पूर्ण सुकवूनच रंगवायचा. बफर नेहमीच्या कामाला ६.८ पीएच, मलेरिया बघायचा तर ७.२, म्हणजे शुफनरचे ठिपके (लाल पेशीतले बारीक गुलाबी ठिपके) उठतात. व्हायव्हॅक्समध्ये पेशी फुगलेली आणि शुफनरचे ठिपके. फॅल्सिपॅरममध्ये पेशी फुगत नाही, एकाच पेशीत दोन-तीन बारीक रिंगा, आणि केळ्यासारखे गॅमेटोसाइट.

मीठागर · मंगळवार, सकाळी ७:५०

क्यूसीचं राहिलं होतं. वेस्टगार्डचे नियम (कंट्रोलचा आकडा सरासरीपासून किती एसडी दूर गेला ते बघणारे) नुसते पाठ करू नका, प्रत्येकापुढे लिहा की चूक अचानक झालेली आहे की पद्धतशीर. १-३एस आणि आर-४एस अचानक चुकीकडे बोट दाखवतात: बुडबुडा, पिपेटिंग, व्होल्टेजचा झटका. २-२एस, ४-१एस आणि १०-एक्स पद्धतशीर चुकीकडे: कॅलिब्रेशन सरकलं, रीएजंट बिघडलं. १-२एस हा फक्त इशारा, तेवढ्यावरून बॅच फेकायची नाही. पण बाकीचे नियम तपासायचे. आलेखावर ठिपके एका दिवशी उडी मारून नव्या पातळीवर स्थिरावले तर शिफ्ट, बहुतेक नवीन लॉट किंवा नवीन कॅलिब्रेटर. रोज थोडे थोडे सरकत गेले तर ट्रेंड, म्हणजे दिवा जुना होतोय किंवा रीएजंट खराब होतंय.

‘कंट्रोल बाहेर गेला, आता काय?’ याला ‘पुन्हा चालवा, आत आला की रिपोर्ट द्या’ हे उत्तर बरोबर नसतं. कारण शोधणं, दुरुस्त करणं, कंट्रोल आत आला का बघणं, आणि दरम्यान रुग्णांचे निकाल रोखणं, हा क्रम.

केमिस्ट्रीतला एक आवडता प्रश्न: पोटॅशियम ९, कॅल्शियम ४, एएलपी (अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम) खूप कमी, रुग्ण ठणठणीत. ईडीटीएच्या नळीतलं रक्त सीरमच्या नळीत ओतलंय. ईडीटीए बहुधा पोटॅशियमचं मीठ असतं म्हणून ते वाढलं. कॅल्शियम त्याने बांधलं. एएलपीला लागणारे झिंक-मॅग्नेशियम पळवले म्हणून ती कमी. नुसतं पोटॅशियम वाढलंय आणि सोबत एलडीएच, एएसटी वाढलेत पण कॅल्शियम नेहमीसारखं, तर हिमोलिसिस. फ्रीडवाल्डचं एलडीएल (एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − ट्रायग्लिसराइड ÷ ५) ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की वापरायचं नाही.

सेंट्रिफ्यूजचं सूत्रही येतं: आरसीएफ (गुरुत्वाच्या किती पट जोर) = १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या × वेगाचा वर्ग. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, हे विसरू नका. १५ सेमी, ३,००० आरपीएम म्हणजे साधारण १,५०९ जी.

सुरंगीचा_वळेसर · मंगळवार, रात्री ९:३०

आता पॅनेल. क्रम मोडू नका.

पहिलं, ऑटोकंट्रोल. ० असेल तर परक्या अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी. दुसरं, कुठल्या टप्प्यावर लागतंय. खोलीच्या तापमानाला लागणारी बहुधा आयजीएम: एम, एन, पी१, लुइस, आय. एएचजीला (अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन घातल्यावर) लागणारी आयजीजी: आरएच, केल, किड, डफी, एस. तिसरं, खोडायचं काम: जो सेल ० आलाय, त्यावर जे अँटिजेन आहेत ते एकेक करून खोडा. पण दुहेरी डोस असलेल्या (जोडीतलं दुसरं अँटिजेन नसलेल्या) सेलवरूनच. किड, डफी, एमएनएस आणि सी-ई या गटांत डोसचा फरक पडतो. अँटिजेनचा एकच डोस असलेला सेल कमकुवत अँटिबॉडीला ० देऊ शकतो. चौथं, उरलेल्या अँटिजेनचा नमुना आलेल्या प्रतिक्रियांशी जुळतो का बघा. शेवटी, तीन पॉझिटिव्ह आणि तीन निगेटिव्ह सेलनी पक्कं करा, आणि रुग्णाच्या स्वतःच्या सेलवर ते अँटिजेन नाही ना ते तपासा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर हे शेवटचं फसतं, कारण अंगात दात्याचे सेलही असतात.

एन्झाइम लावलेलं पॅनेल दिलं असेल तर ती मोठी खूण. फिसिन किंवा पपेन (पपईच्या चिकातलं) लावलं की डफी, एम, एन निघून जातात, एसही बहुधा. आरएच, किड, लुइस, पी१, आय जोर धरतात. केलवर परिणाम नाही. केलला डीटीटी हे रसायन मारतं.

नळीच्या पद्धतीत एएचजी ० आलं की चेक सेल (आधीच आयजीजी चिकटवलेले सेल) घालायचेच. ते चिकटले नाहीत तर धुणं कमी पडलंय; उरलेल्या ग्लोब्युलिनने एएचजी खाऊन टाकलं. तो ० धरायचा नाही, अख्खी तपासणी पुन्हा. जेल कार्डमध्ये धुणंच नसतं म्हणून तिथे चेक सेल लागत नाहीत. ज्यांनी फक्त जेलवर काम केलंय त्यांचा हा प्रश्न हमखास चुकतो.

अँटी-डी इंजेक्शनचं गणितही करून ठेवा. क्लायहाउर-बेटकेत (आईच्या रक्तात गर्भाच्या पेशी किती ते मोजणारी तपासणी) १.६ टक्के आले: १.६ × ५० = ८० मिलि गर्भाचं रक्त. एक कुपी ३० मिलिला पुरते: ८० ÷ ३० = २.६७, जवळचा पूर्णांक ३, वर एक जास्त, म्हणजे ४. भागाकार २.४ आला असता तर २ + १ = ३. ती वरची एक कुपी विसरू नका.

रातांबा · मंगळवार, रात्री १०:१०

पुस्तकात एफएफपी (गोठवलेला ताजा प्लाझ्मा) साठवायला −१८ अंश आहे आणि आपल्याकडे रक्तपेढीत −३० सांगतात. कुठलं धरायचं?

सुरंगीचा_वळेसर · मंगळवार, रात्री १०:२५

दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पुस्तकं अमेरिकेची, म्हणून −१८ किंवा खाली, एक वर्ष. आपल्या नियमांत −३० किंवा खाली. लाल पेशी त्यांच्याकडे १ ते ६ अंश, आपल्याकडे २ ते ६. रक्तदानातलं अंतर त्यांचं ५६ दिवस. आपलं पुरुषांना ९०, स्त्रियांना १२० दिवस. हिमोग्लोबिन आपल्याकडे दोघांनाही १२.५, त्यांच्याकडे पुरुषांना १३.०. वहीत दोन रकाने करा, एक पुस्तकाचा, एक कामाचा. सकाळी ड्युटीवर गेल्यावर पुस्तकातला आकडा फ्रीजरला लावायचा नाही, हे फार महत्त्वाचं. प्लेटलेट मात्र दोन्हीकडे २० ते २४ अंश, सतत हलवत, नेहमीची मुदत ५ दिवस.

मांडवीपार · शुक्रवार, रात्री ११:००

चार दिवस पॅनेल सोडवतोय. एक अडलंय. ऑटोकंट्रोल ०, फक्त एएचजीला लागतंय, एन्झाइमने जोर वाढतो. सेल १, ४ आणि ९ ला २+, बाकी सगळे ०. खोडत गेलो तर शेवटी काहीच उरलं नाही. किड-ए जुळत होतं, पण सेल ७ वर किड-ए आहे आणि तो ० आलाय, म्हणून खोडलं. चुकतंय कुठे?

सुरंगीचा_वळेसर · शनिवार, सकाळी ८:१५

सेल ७ च्या ओळीत किड-बी बघा. तिथेही + असणार. म्हणजे किड-ए चा एकच डोस, त्यावरून खोडता येत नाही. १, ४, ९ तपासा: त्यांत किड-ए + आणि किड-बी ० असेल. दुहेरी डोसला २+, एकेरीला ०, एन्झाइमने जोर. अँटी-किड-ए आहे तुमची.

आता दोन कामं उरली. त्या तीन सेलांवर आणखी कुठलं अँटिजेन सामाईक आहे का आणि ते दुसऱ्या ० सेलवरून खोडलंय का, ते बघा. आरएचचं ई बरेचदा असं लपून राहतं. राहिलं असेल तर ई दुहेरी आणि किड-ए नसलेला एक सेल निवडून लावा. दुसरं, रुग्णाच्या जुन्या नोंदी काढा. किडच्या अँटिबॉडी काही महिन्यांत इतक्या उतरतात की स्क्रीनिंग निगेटिव्ह येतं. मग रक्त चढवलं की आठवड्याभरात त्या पुन्हा उसळतात आणि हिमोग्लोबिन कोसळतं. उशिराने होणाऱ्या हिमोलिटिक प्रतिक्रियेचं हे नेहमीचं कारण.

दोन पिशव्या हव्या असतील तर किती तपासाव्या लागतील, तेही विचारतात. पुस्तकी आकड्याप्रमाणे किड-ए नसलेले २३ टक्के: २ ÷ ०.२३ = ८.७, म्हणजे ९.

मांडवीपार · शनिवार, सकाळी ८:५०

सेल ७ ला किड-बी + आहे. १, ४, ९ तिन्हींना ०. ई खोडलेलं नव्हतं, निवडक सेल दुसऱ्या पॅनेलमधून शोधतो.